शेजारची पांढरी जास्वंद

रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या मालतीताई फुलं काढताना दिसतात आणि रोज माझा चहा कडू होतो. त्यांची जास्वंद पांढरीशुभ्र, दूरच्या कुठल्याशा बेटावरची, आणि तिला चक्क वास येतो. जास्वंदीला वास! हेही त्यांच्याच दारात व्हायचं.

मागे त्यांनी मला एक फांदी दिली. मी ती लावली, शेणखत घातलं, चहाचा चोथा घातला, तिच्याशी गप्पासुद्धा मारल्या. झाड पानांनी गच्च भरलं, पण कळी म्हणून नाही. त्या मात्र आपल्या झाडाला जराही जपत नाहीत. फुलं देवाला, पानं वाटून केसांना आणि छाटलेल्या फांद्या मागेल त्याला.

"वहिनी, कात्री लावा की तिला! नव्या फुटीलाच कळी येते," त्या कुंपणावरून म्हणतात.

माझा हात धजत नव्हता. ज्यांच्याकडे भरभरून असतं त्यांनाच असं कापता येतं, वाटता येतं. बाकीचे आपले एकेक पान कुरवाळत बसतात.

शेवटी एकदा रागाच्या भरात छाटलीच. आणि काल तिला पहिलं फूल आलं. ते देवाला वाहायचं सोडून मी झाडावरच राहू दिलं, मालतीताईंच्या नजरेस पडावं म्हणून. दिवसभर कुंपणाकडे खेपा घातल्या. संध्याकाळी फूल मिटलं आणि गळून पडलं.

मालतीताई लेकीकडे गेल्या होत्या. देव तेवढे घरी होते, बिनफुलाचे.