वेशीवरून ठरवलेला आवाज

"वेशीवर काहीच ऐकू यायलं न्हाई म्हणे. वाढवा," महेशराव फोन कानाला लावून म्हणाले. ही तिसरी वेळ. माझं डोकं आधीच सटकलं होतं.

वालूरला त्यांच्या वडिलांचं, अप्पांचं, पहिलं पुण्यस्मरण होतं. मी सेलूचा साउंडवाला. अप्पा महादेवाच्या देवळात भजन म्हणायचे. कुणीतरी चांगल्या रेकॉर्डरवर घेतलेलं त्यांचं एकच भजन घरात शिल्लक होतं. अप्पांच्या बायकोला, काकूंना, ते मोबाईलवर ऐकूच यायचं नाही. कान अधू झालेले. म्हणून त्यांची खुर्ची मी मुद्दाम स्पीकरच्या बॉक्सजवळ ठेवली होती. वर्षभर त्या याच सकाळची वाट बघत होत्या.

भजन मी आदल्या दिवशी हेडफोनवर पूर्ण ऐकलं होतं. पहिली पाच मिनिटं अप्पा एकटेच, जवळजवळ पुटपुटतात. मग मृदंग, टाळ आणि त्यांचा खडा आवाज एकदम येतो. सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातल्या या अंतराला आम्ही डायनॅमिक रेंज म्हणतो. लग्नातली गाणी सपाट असतात, कुठलाही तुकडा वाजवून आवाज ठरवा. इथं मात्र आधी मोठी जागा, म्हणजे सगळ्यात मोठ्या आवाजाचा तुकडा, वाजवून बघायची, तिथं व्हॉल्यूम ठरवायचा, आणि सुरुवात हळू वाजली तर वाजू द्यायची. मी तसंच लावलं होतं, आणि आता ती हळू सुरुवातच चालू होती.

पण आमच्याकडं कार्यक्रम किती मोठा, हे वेशीवर ठरतं. कर्णे गावाकडं तोंड करून बांधायचे आणि वेशीत एक माणूस फोन घेऊन उभा करायचा. मांडवात बसलेल्यांना कुणी विचारत नाही.

"मालक, पुढं मृदंग हाय. आता वाढवलं तर फाटंल."

"गावाला ऐकू गेलं पाहिजे. अप्पांचं नाव काय लहान हाय का?"

"नावाचं न्हाई हो, मी आवाजाचं बोलायलोय."

"तुमी मला शिकवू नका." त्यांनी मिक्सरमध्ये हात घातला आणि मास्टर, म्हणजे सगळा आवाज एकदम वाढवणारी दांडी, टोकापर्यंत सरकवली. मी खाली ओढायला गेलो तर माझं मनगट धरलं. चार पाहुण्यांदेखत. वेशीवरनं निरोप आला, आता झकास ऐकू यायलंय.

तेवढ्यात मृदंग आला. बॉक्स किंचाळला, एका कर्ण्याचं आवाज काढणारं युनिट जागेवर जळालं. मी हिसका देऊन हात सोडवला आणि आवाज बंद केला. काकूंनी दोन्ही कान दाबून धरले होते.

"काकू, परत लावतो. नीट लावतो."

"नको बाबा. त्येंचा आवाज असा नव्हता," म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

महेशराव मला म्हणाले, "तुमचं मशीनच भंगार हाय." आठवलं की अजून अंगाची आग होते. त्यांच्यापेक्षा राग मला माझाच येतो. जो हिसका मी नंतर दिला, तो आधी द्यायला लाजलो.

आता मोठी जागा वाजवून व्हॉल्यूम लावतो आणि मिक्सरसमोर ठाण मांडून बसतो. कुणी हात पुढं केला की हातावर फटका देतो. त्यापायी दोन गावांनी मला बोलावणं बंद केलंय. करू द्या.