जावईबुवांची कुपनं

जावयाला नाही म्हणायचं नसतं, हे मला सासरी आल्याबरोबर कळलं. आम्ही ढिवर, नदीवर आणि तलावावर जगणारे. घरात चार भांडी कमी असतील, पण जावई आला की त्याच्यासाठी पाट, पाय धुवायला तांब्याभर पाणी आणि ताटात मरळीचं डोकं हे ठरलेलंच. त्याने एखाद्या वस्तूचं कौतुक केलं तर ती वस्तू त्याच्याबरोबर जायची. मागच्या खेपेला जावईबुवांनी आमचा कंदील बरा आहे म्हटलं होतं. तेव्हापासून आम्ही चिमणीच्या उजेडात जेवत होतो.

माझ्या सासूबाईंना एकच मुलगी, म्हणजे माझी नणंद. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. त्यामुळे जावयाचा मान ठेवायचा सगळा भार सासूबाईंवर आणि माझ्या नवऱ्यावर. नवरा एरवी कोणाच्या बापाला भ्यायचा नाही, पण बहिणीचा नवरा दारात आला की आवाज खाली करायचा.

सूट होती ती फक्त मला. बायकोच्या भावाची बायको म्हणजे थट्टेचं नातं. मी जावईबुवांच्या चहात मीठ टाकू शकत होते, चपला लपवू शकत होते, झोपेत त्यांच्या धोतराचं टोक खाटेला बांधू शकत होते. त्यांनी हसायचं, एवढाच नियम. रागावले तर गावभर नाव निघायचं, की अमक्यांचा जवाई कच्चा निघाला. ही सूट मी अगदी मनापासून वापरायचे, कारण त्या कंदिलाचा राग माझ्या डोक्यात अजून होता.

ती वैशाखाची गोष्ट. आम्ही डोंगा घेणार होतो, स्वतःची नाव. माझा नवरा तोवर दुसऱ्याच्या डोंग्यावर जायचा. पाण्यात हा उतरायचा, जाळं हा ओढायचा आणि निम्मी मासोळी घरी बसलेल्या डोंगेवाल्याची. मी आणि सासूबाई गोंडपिपरीच्या बाजारात मासोळी विकून थोडं थोडं बाजूला टाकत आलो होतो. आलापल्लीकडचं लाकूड सुताराने पाहून ठेवलं होतं, पावसाळ्याआधी डोंगा पाण्यात घालू म्हणाला होता. मला त्या डोंग्याची जेवढी हाव होती तेवढी कधी दागिन्याची नव्हती. बाजारात बसल्या बसल्या मी तो मनातल्या मनात नदीत सोडून पाहायचे.

अशात जावईबुवांची बैलगाडी दारात आली. नदी आटलेली होती, गाड्या रेतीतून आरपार यायच्या. ते पलीकडे अहेरीच्या बाजूला एका लाकडाच्या ठेकेदाराकडे कामाला होते. अंगात पांढराशुभ्र सदरा आणि मनगटावर घड्याळ. नणंद मागे बसलेली, कडेला गाठोडं. एरवी गाडीतून उडी मारून माझ्या गळ्यात पडणारी पोर त्या दिवशी गुपचूप उतरून आत गेली. उन्हाने थकली असेल, असं मला वाटलं.

जेवायला बसल्यावर जावईबुवा एकदम गोड आवाजात म्हणाले, "आत्याबाई, तुमची मनातली इच्छा काय आहे? सांगा मले."

सासूबाई गांगरल्या. त्यांना जन्मात हे कोणी विचारलं नव्हतं. "माही कायची इच्छा, बापू? भात वाढू का?"

"तसं नाई. मोठा विचार करा. असं घड्याळ तुमच्या पोराच्या हातात पाहिजे का नाई? घरात रेडू पाहिजे का नाई?"

"रेडू इथी कोन आयकंल?" नवरा म्हणाला.

मग हळूहळू ते मुद्द्यावर आले. नागपूरकडची एक कंपनी आहे. तिचं कुपन घ्यायचं. मग आपण पाच माणसांना कुपनं द्यायची, की कंपनी आपल्याला घड्याळ देते. त्या पाचांनी आणखी पाच पाच माणसं आणली की सायकल. त्यांनी आणखी आणली की रेडिओ. काम काहीच नाही. "फक्त पाच मानसं," ते पाच बोटं पसरून म्हणाले. "पाच मानसं कोनाजवळ नाई?"

कुपन केवढ्याचं, हे मात्र ते बोलेनात. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी घड्याळाची चकाकी दाखवली. बाजारात माझ्या शेजारी एक बाई बसायची, तिचंही असंच. मासोळी ताजी असली की भाव आधी ओरडायची आणि शिळी असली की आधी गिऱ्हाइकाच्या पोरांची चौकशी करायची. मी तिथेच ओळखलं की हा माल कालचा आहे. ताट उचलल्यावर किंमत आली. ती ऐकून सासूबाईंचा हात पदरावरच थांबला. जावईबुवांनी तीन गुलाबी कुपनं समोर मांडली; तिन्ही आमच्याच घरात खपवायची होती. म्हणजे डोंगा गेलाच.

"आन आजच्या आज सांगा," ते म्हणाले. "उद्या जागा भरून जाईन."

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलाने छपराला टांगलेल्या जाळ्याकडे पाहिलं. मग दोघंही उठून मागच्या अंगणात आले आणि मला खुणेने बोलावलं.

"नाई म्हटलं तं पोरीले तिथी भोगा लागंल," सासूबाई कुजबुजल्या. त्यांचे डोळे भरले होते. "हो म्हटलं तं डोंगा गेला. आता तूच बोल, माय. तुयं थट्टेचं नातं हाये. पन हासत हासत बोल."

एवढी मोठी जबाबदारी माझ्यावर त्याआधी कोणी टाकली नव्हती. मी पदर खोचला, पानाचं तबक घेतलं आणि जाऊन जावईबुवांच्या समोर बसले.

"जवाईबुवा, मले समजून घेऊ द्या. मी पाच मानसं आनाची?"

"हो, वयनी."

"त्या पाचायनं पंचवीस आनाची?"

"बरोबर!"

"मंग आपल्या गावातली मानसं सरली. बाजूच्या गावातली बी सरली. मंग आलापल्लीच्या जंगलातल्या अस्वलायले देऊ का कुपनं? त्यायच्या हाताले घड्याळ बसंल का, एवढं कंपनीले इचारून घ्या."

नवऱ्याने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. जावईबुवा हसले, कारण हसणं भागच होतं. "वयनी, मानसं कधी सरत नाई."

"तुमच्या खाली किती झाले?"

"दोन. बाकी तीन तुमच्याच घरचे."

"आन हे घड्याळ कंपनीनं देल्लं?"

"देनार आहे," ते म्हणाले. "हे साहेबाचं आहे. दाखवाले घेतलं."

मी त्यांचं मनगट कानाशी धरलं. घड्याळ बंद होतं. "थकलं वाट्टे नदी पार करून," मी म्हटलं. त्यावर तेही थोडे खरं हसले. पण माणूस चिवट. पुन्हा पाच बोटं, पुन्हा सायकल, पुन्हा आजच्या आज. माझी थट्टा संपत आली आणि त्यांची कंपनी काही संपेना.

तेवढ्यात देव पावला. सासूबाईंचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मामा, उन्हातान्हाचे चालत दारात आले. टोपीने वारा घेत, पाणी पिता पिता म्हणाले, "बरं झालं, सारे घरीच सापडले. मी एक चांगली गोष्ट घेऊन आलो." आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कुपन काढलं. तेच, गुलाबी, कोपऱ्यावर घड्याळाचं चित्र असलेलं.

मामांची नजर जावयावर गेली आणि ते खूश झाले. "अरे, जवाईबापू! तुमीच पाह्यजे होते. मले एकच मानूस कमी पडून राह्यला. पाच मानसं कोनाजवळ नाई?" त्यांनीही पाच बोटं तशीच पसरली.

"मामा," मी जमेल तेवढ्या भोळेपणाने विचारलं, "तुमाले कोनं देल्लं हे?"

"माह्या व्याह्यानं."

"आन त्यायले?"

"त्यायच्या दुसऱ्या व्याह्यानं, चामोर्शीकडच्या. तो त्याच्या जवायाच्या नादानं लागला. तो जवाई लाकडाच्या ठेक्यावर असते. त्याले म्हने त्याच्या मावसभावानं देल्लं."

लाकडाच्या ठेक्यावरचा तो जावई कोण, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या लग्नात आम्ही जेवलो होतो. तो आमच्या जावईबुवांचा मावसभाऊ, म्हणजे त्याला कुपन देणारे आमचे जावईबुवाच. आमची सोयरीक अशीच आहे. पंचक्रोशीत ढिवरांची घरं मोजकी, मुली इकडच्या तिकडे आणि तिकडच्या इकडे. कुठूनही निघा, दोन व्याही आणि एक मावशी ओलांडली की आपण आपल्याच दारात येऊन उभे. कंपनीवाल्याला हे ठाऊक नसेल, पण जावईबुवांना तरी असायला हवं होतं.

"म्हनजे मामा जवाईबुवांच्या खाली," मी बोटांवर मोजत म्हटलं, "आन आता जवाईबुवा मामांच्या खाली. जवाईबुवा, तुमी तं सोताच सोताचे खापरपणतू झाले! आता पाया कोनं कोनाच्या पडाचं?"

सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. माझा नवरा उघड हसला, मामा तर मांडीवर थापा मारून हसले. मग हळूहळू त्यांची थाप थांबली. "मंग माह्या पैशाचं काय?" त्यांनी विचारलं.

जावईबुवांनी घड्याळात पाहिलं. बंद घड्याळात. मग म्हणाले, "राहू द्या, वयनी. तुमच्यापुढं आपलं चालत नाई." आणि कुपनं खिशात घातली.

डोंगा वाचला. जावयाला कोणी नाही म्हटलं नव्हतं, कोणी रागावलं नव्हतं. सासूबाईंनी मला पहिल्यांदाच स्वतःच्या आधी जेवायला वाढलं. मी त्या संध्याकाळी अशी काही फुगले होते की दारातून मावत नव्हते.

सकाळी नणंद आणि मी नदीवर धुणं घेऊन गेलो. मी आदल्या दिवसाची सगळी गोष्ट तिला पुन्हा सांगत होते, जावईबुवांचा आवाज काढून. ती हसेना. नुसती तेच लुगडं घासत राहिली.

"माह्या बकऱ्या इकल्या त्यायनं," ती म्हणाली.

मला समजलं नाही. मग तिने सांगितलं. सासरी तिने दोन पिल्लं वाढवली होती, कोणी टाकून दिलेली. बोटाने दूध पाजून, रात्री बिबट्याच्या भीतीने उशाशी बांधून. त्या घरात तेवढ्या दोघीच तिच्या होत्या. पहिलं कुपन त्यांच्याच पैशांतून आलं होतं.

"तू नाई म्हटलं नाई?"

"तुमाले थट्टेत नाई म्हनता येते, वयनी," ती म्हणाली. "मी कशात म्हनू?"

बोलण्यासाठी प्रसिद्ध बाई मी, पण गुडघाभर पाण्यात नुसती उभी राहिले. इतकं वाईट वाटलं की रडू आलं, आणि तिच्यासमोर रडायचीही लाज वाटली. शेवटी मी एवढंच म्हटलं, "साधंच म्हन. थट्टा कायले पाह्यजे?" म्हणायला सोपं होतं. तिने पिळा घट्ट पिळला आणि चालू लागली.

ऊन चढायच्या आत निघायचं म्हणून गाडी जुंपली. गाठोडं गाडीत गेलं. सासूबाईंनी जावयाला नारळ दिला, टॉवेल दिला. शेजारपाजारचे नेहमीप्रमाणे निरोपाला जमले. जावईबुवा गाडीवर बसले आणि म्हणाले, "चला."

नणंद उंबऱ्याशीच उभी. "मी नाई येत," ती म्हणाली. ते सगळ्यांना ऐकू गेलं. "माह्या बकऱ्या आना. मंग मले न्या."

जावईबुवा हसले आणि माझ्याकडे पाहून बोट हलवलं. "वयनी, हे तुमचंच शिकवनं."

"मी थट्टा नाई करून राह्यली," नणंद म्हणाली.

त्यांचं हसू गेलं. ते सासूबाईंकडे वळले. "आत्याबाई, समजवा हिले."

सगळे सासूबाईंकडे पाहायला लागले. त्या बाईने जन्मात जावयाचा शब्द मोडला नव्हता, आपल्या कंदिलासकट सगळं दिलं होतं. त्या गाडीजवळ गेल्या. आत वाकल्या, लेकीचं गाठोडं उचललं, त्यावरचं गवत झटकलं आणि ते काखेत घेऊन घरात गेल्या. थोड्या वेळाने परत बाहेर आल्या, जावयासमोर हात जोडले आणि म्हणाल्या, "या सावकाश, बापू. ऊन लय आहे."

गाडी एकाच माणसाला घेऊन रेतीत उतरली.

बकऱ्या यायला पावसाळा लागला. तोवर नदीला पाणी चढलं होतं, म्हणून माझा नवराच पलीकडून बकऱ्यांसकट जावईबुवांना आपल्या डोंग्यातून घेऊन आला. जावईबुवा मधोमध, दोन्ही हातांत दोन बकऱ्यांची दावी, सदरा चिखलाने भरलेला. मी हसायला तोंड उघडलं होतं, पण नणंद माझ्याआधी काठावर पोचली होती. तिने पहिल्या बकरीच्या मानेखाली हात घातला आणि ती बकरी तिला चाटायला लागली. मग तिने दुसरीचा कान उलटा करून पाहिला, पुन्हा पाहिला.

"हे माही नोहे," ती म्हणाली, आणि ते दावं जावईबुवांच्या हातात परत दिलं.

सासूबाईंनी जावयाला आधी पोटभर जेवू घातलं, मग त्यांना पुन्हा पलीकडे पोचवण्यासाठी माझ्या नवऱ्याला डोंगा सोडायला सांगितलं.