बदरुद्दीन परकारांची पाणसळ आणि साठ रॅक

बदरुद्दीन परकारांना वाकडं बघवत नसे. माणसांचा वाकडेपणा ते बिनतक्रार सोसत, पण भिंतीवरचं कॅलेंडर जरा कललेलं दिसलं की त्यांचा घास घशाखाली उतरत नसे. लोक खिशात पेन ठेवतात, तशी ते वीतभर लांबीची पाणसळ ठेवत. तिच्यातला बुडबुडा बरोबर मध्ये आला की त्यांना हायसं वाटे. आखातात अजमानला राहत, तिथे शेजाऱ्यांकडे चहाला गेले, तर बसण्याआधी त्यांच्या फ्रीजखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून येत. निकाहच्या दिवशी नवरदेवाने नवरीच्या आधी मांडवाच्या खांबाकडे बघितलं, असं त्यांच्या पत्नी हव्वाबी सगळ्यांना सांगत. खांब खरंच कलला होता, याचा हव्वाबींना जास्त राग होता.

रत्नागिरीजवळच्या गावातून आलेले हे सुतार अल क्वोज या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपचे फोरमन झाले होते. टॉवर उठत होते तोवर तिथे साठ माणसं किचनची कपाटं बनवायची. मग मंदीचं २००८ आलं. क्रेन होत्या तिथे थांबल्या, दोनशे बारा फ्लॅटच्या किचनची ऑर्डर एका फोनवर रद्द झाली आणि वर्षभरात साठांतली सहा माणसं उरली. कुणी न नेलेली कपाटं मागच्या भिंतीशी उभी होती. तीही एका ओळीत.

२००९च्या नोव्हेंबरात मॅनेजर सूर्यकांत एक लाकडी सांगाडा घेऊन आले.

"बदरूभाई, ऑर्डर आहे. आतषबाजीची कंपनी आहे, नॅशनल डेला बीचवर छोटे शो करते. परमिट वगैरे सगळं आहे. उडवायचे पाइप उभे करायला रॅक हवेत, साठ पीस. हे सँपल. सेम टू सेम." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मालक बोललाय, ही ऑर्डर नीट गेली तर न्यू इयरची पण मिळेल. नाही तर एकतीस डिसेंबरला खलास. सगळ्यांचे व्हिसा कॅन्सल."

बदरुद्दीनना एकदम एमान आठवली. मुलगी बारावीला होती, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. व्हिसा गेला तर ऐन अभ्यासात तिला शाळेतून उचलून गावी न्यायचं. 

"इन्शाल्ला, असे रॅक देईन की बघत राहतील," ते म्हणाले.

सूर्यकांत गेल्यावर त्यांनी सँपल नीट पाहिलं. चौकटीत पाच काळे पाइप, मध्ये ठोकळे. मधला पाइप सरळ, बाजूचे दोन-दोन बाहेरच्या अंगाला कललेले, पंजा पसरावा तसे. पाणसळ लावली तर बुडबुडा पार कोपऱ्यात पळाला. कुणा आंधळ्याने ठोकलंय हे, असं ते पुटपुटले. आता फोन करून विचारता आलं असतं. पण गिऱ्हाइकाचा दोष तोंडावर दाखवायचा नाही, गुपचूप सुधारून द्यायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता होता. त्यांनी साठ रॅक बनवले. पाचही पाइप काटकोनात, कडा घासून गुळगुळीत, वरून पॉलिशचा हात. जळायच्या वस्तूला पॉलिश कशाला, असं विचारायची सहांपैकी कुणाची टाप नव्हती.

तीस नोव्हेंबरला सकाळी कंपनीचा सिद्धांत माल न्यायला आला. मुंबईचा पोरगा, कानाला फोन. रॅकच्या रांगा पाहून त्याने फोन बंद केला.

"अंकल, काय सुंदर बनवलेत. पण हे सरळ का आहेत?"

"तुमचा सँपल ट्रकमध्ये हलला असेल बेटा, वाकडा झाला होता. मी दुरुस्त केला."

"अंकल, तो वाकडाच असतो. फॅन शेप. दारू आकाशात पसरली पाहिजे ना. या रॅकमधून सगळं एकाच जागी जाऊन फुटेल."

सूर्यकांत मटकन स्टुलावर बसले. बदरुद्दीननी जवळच्या रॅकला पाणसळ लावली; बुडबुडा बरोबर मध्ये होता. तीस वर्षांत प्रथमच त्यांचं काम परत आलं होतं, आणि तेही सरळ आहे म्हणून.

"उद्या दुपारी ट्रक पाठव," ते म्हणाले.

तोडायचं काही नव्हतं. ठोकळे काढून त्यांच्या जागी पाचरी बसवल्या की पाइप कलणार होते. पण त्यांच्या हाताने वाकडं होईना. पहिला रॅक तीनदा केला, तिन्ही वेळा पाइप आपोआप सरळ उभे राहिले. शेवटी वैतागून त्यांनी सँपललाच कोनमापक लावला, आणि त्यांचा चेहरा उजळला. डावीकडचे पाइप बारा अंशांत, उजवीकडचे सतरा.

"सूर्यकांतसाहेब, बघा. यांना वाकडंसुद्धा नीट करता येत नाही."

मग गाडी रुळावर आली. त्यांनी बारा अंशांचा फर्मा केला आणि सहा जणांनी तो लावून पाचरी कापल्या. "यल्ला, यल्ला" म्हणत एकमेकांना घाई करत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साठ रॅक वाकडे झाले. सगळे सारखेच वाकडे.

दोन डिसेंबरला संध्याकाळी परकार कुटुंब बीचवर दोरीबाहेरच्या गर्दीत उभं होतं. पहिली फैर उडाली. लोक आकाशाकडे बघत होते. बदरुद्दीन कोनमापक डोळ्यांसमोर धरून बघत होते.

"अब्बा, प्लीज. पीपल आर लुकिंग," एमान म्हणाली.

"बघू देत. डावं-उजवं सारखं जातंय."

हव्वाबींनी पदर तोंडाला लावला, हसण्यासाठी की लाजेने ते त्यांनाच ठाऊक.

आणि मग शेवटच्या टोकाकडून एक गोळा भलताच उजवीकडे गेला. बदरुद्दीननी कोनमापक खाली घेतला. पुन्हा एक, तसाच उजवीकडे. साठांतला एक चुकला होता. मार्च महिना, एमानची पुस्तकं, गावाकडचं विमान सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. शो संपला, टाळ्या वाजल्या, पण त्यांना टाळी वाजवता आली नाही.

गर्दी पांगल्यावर सिद्धांत धापा टाकत आला.

"अंकल, फर्स्ट क्लास. न्यू इयरला दीडशे पाहिजेत, सूर्यकांतसरांना सांगितलंय."

"पण बेटा, शेवटचा रॅक..."

"तो होय? तो तुमचा नाही. एक कमी पडत होता, म्हणून ट्रकमधून परत आलेला आमचा सँपलच लावला."

बदरुद्दीन वाळूवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. एमानने त्यांचा हात धरला. हसण्यातलं आणि रडण्यातलं पाणी तिला त्या रात्री वेगळं काढता आलं नाही.

"सिद्धांत," ते उठत म्हणाले, "तो सँपल माझ्याकडे पाठवून दे. दुरुस्त करून देतो. पैसे नकोत."