ओल्या फडक्यातली मिसवाक

दुकानात विक्रीला फक्त सौदी माणूस हवा, असा नियम आला, त्या वर्षी जेद्द्याच्या बलद या जुन्या पेठेतल्या जडीबुटीच्या दुकानातल्या रत्नागिरीकडच्या विक्रेत्याची नोकरी गेली. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. चाचा म्हणायचो.

मी पोटासाठी सना मक्कीची पानं न्यायला जायचो. "हॉस्पिटलात नोकरी आणि औषध आमच्याकडचं?" ते हसायचे. बोलताना त्यांचा हात सिदरच्या पाल्याच्या पोत्यात असायचा. पानं बोटांतून सावकाश गळायची, उन्हाच्या तिरिपेत हिरवी धूळ तरंगायची आणि बाहेरचा गलका लांब गेल्यासारखा वाटायचा.

"ही आपल्या बोरीची बहीण," ते एकदा म्हणाले. "गावात बोरीचा पाला बकरी खाते. इथं याच्या पाण्यानं मय्यताला आंघोळ घालतात."

दात घासायच्या मिसवाकच्या मुळ्या ते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. प्रत्येक नमाजहून परतले की आधी फडक्यावर पाणी शिंपडायचे.

शेवटच्या दिवशी काउंटरवर नवा सौदी विक्रेता बसला होता, बोटात गाडीची किल्ली फिरवत. चाचांनी मिसवाकचं फडकं दाखवत त्याला अरबीत सांगितलं, "ओली आहे तोवर हे झाड आहे. सुकली की काडी."

"खलास, बस झालं, चाचा, कळलं," तो म्हणाला आणि फोनकडे वळला.

"जपेल ना हा?" चाचांनी मला मराठीत विचारलं.

पंधरवड्यानं मी पुन्हा गेलो. चाचा गावी पोचले होते. नवा विक्रेता फोनवर बोलत होता. फोन कानाशी धरूनच त्यानं बाटली उचलली आणि फडक्यावर पाणी शिंपडलं.