गुलाबकाकांचं बोंड

आमच्या वर्कशॉपमध्ये रोज संध्याकाळी झाडू मारला की लेथखालून टोपलीभर लोखंडाचा बुरा निघतो. तो न्यायला भंगारवाला येतो. किस्से न्यायला मात्र कोणी येत नाही! ते तिथेच साचतात. चहाच्या वेळी कोणाचा तरी धक्का लागतो आणि एखादा बाहेर येतो. नवा माणूस कामाला लागला की तो आधी किस्से शिकतो, मग काम.

काम काय, ते आधी सांगते. हॉटेलातला कागदी नॅपकिन हातात घ्या आणि त्यावर बोट फिरवा. फुलं हाताला लागतील. ती छापलेली नसतात, दाबलेली असतात. ती दाबणारे लोखंडी रोलर आम्ही अमरावतीच्या एमआयडीसीत बनवतो. गुळगुळीत रोलरवर नक्षी कोरायची, तो गिऱ्हाइकाच्या मशीनवर चढवायचा आणि कागद, रेक्झिन, फोम, जे काही मऊ असेल ते त्याच्याखालून काढायचं. करंजीची कातण असते ना, तिचा हा थोरला भाऊ.

मी वैशाली. कॉम्प्युटरवर डिझाइन बसवते. पुढचं कोरणं गुलाबकाकांचं. हल्ली बरंचसं मशीन कोरतं, पण शेवटचा हात काकांचाच. तयार रोलर गावोगावी जाऊन चढवतात रफिकभाई. आणि मालक प्रमोदभाऊ. त्यांच्याकडे काळजी करण्याचं खातं आहे, ते ते मन लावून सांभाळतात.

*

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या वलगावात बातमी पसरली, "वैशाली रोलरच्या कंपनीत लागली." दुसऱ्याच दिवशी आमचे एक चुलतमामा घरी हजर!

"वैशाली, दोन दिवस पाठव ना बाप्पा तुह्या कंपनीचा रोलर. आमच्या पांदण रस्त्याचे लय हाल आहेत. डिझेल मी टाकतो!"

मी सांगून सांगून थकले. मामांना वाटलं, पोरगी नोकरीला लागली आणि भाव खाऊ लागली. शेवटी त्यांना वर्कशॉपलाच घेऊन आले. टेबलावर नॅपकिनचा रोलर होता, जेमतेम हातभर लांब. मामांनी त्याला सगळीकडून न्याहाळलं, बोटाने फुलं चाचपली आणि हळूच मला बाजूला घेतलं.

"हा लहान आहे म्हणून काही नाई. पगार तं पुरा देते ना?"

*

आमच्याकडे एक गोष्ट पक्की असते. रोलरवर अक्षर उलटं कोरायचं, म्हणजे ते कागदावर सरळ उठतं. गुलाबकाकांची उभी हयात उलटी अक्षरं बघण्यात गेली. पेपर वाचताना ते अडखळतात, पण आरशातलं धडाधड वाचतात!

एकदा मी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून पंचवटी चौकात थांबले होते. समोरून रुग्णवाहिका आली. तिच्या कपाळावर अक्षरं उलटी लिहिलेली असतात, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सरळ दिसावीत म्हणून. काकांनी ती झटक्यात वाचली आणि खूश होऊन मान वळवली.

"पाह्य वैशाली, साऱ्या शहरात या एकानंच सरळ लिहिलं!"

*

त्याच मोटरसायकलच्या सीटचंही सांगून टाकते. रेक्झिनचे जे तुकडे चाचणीत निघतात ते काका घरी नेतात. सीट फाटली की वर नवा तुकडा. डाव्या बाजूला मगरीची कातडी, उजवीकडे चौकडी, मागे गुलाब. कोणी हसलं की काका म्हणतात, "ही सीट नाई बे, हे माह्यं सर्टिफिकेट आहे!"

पण त्या सर्टिफिकेटात एक नक्षी नव्हती, आणि तीच काकांना हवी होती. कपाशीचं बोंड! फुटलेलं, पांढरंशुभ्र, देठासकट. काका नांदगाव खंडेश्वरकडचे, घरी पिढ्यान्‌पिढ्या कपाशी. आणि गिऱ्हाईक कोणतंही असो, ते मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी फुलाचा फोटो आणतं आणि म्हणतं, हेच पाहिजे.

"कपाशीच्या घरात जलमलो," काका म्हणायचे, "अन् ज्या फुलाचं नाव मले माहीत नाई ते कोरून राहिलो! एक बोंड फिरलं पायजे कोणाच्या तरी मशीनवर. मंग मी घरी बसतो."

हे त्यांचं नुसतं बोलणं नव्हतं. येत्या दिवाळीनंतर ते खरंच घरी बसणार होते. त्यांनी स्वतःच्या हाताने बोंडाचा एक नमुना कोरून ठेवला होता. गिऱ्हाईक आलं की काका तो पुसून पुढे ठेवायचे. गिऱ्हाईक तो उचलायचं, "छान आहे हो!" म्हणायचं आणि परत ठेवायचं. मला दर वेळी वाईट वाटायचं. काका मात्र नमुना पुन्हा पुसून ठेवत, पुढच्या गिऱ्हाइकासाठी.

*

अचलपूरकडून सोफ्याचं रेक्झिन बनवणारे एक शेठ आले. त्यांना रेक्झिनवर मोर हवा होता. आता रोलर गोल. मोरामागे मोर लावत गेलं की फिरून पहिल्या मोराशी यावं लागतं, आणि तिथे हिशेब जुळला नाही तर अर्धा मोर उरतो. इथे तो उरला. मी म्हटलं, "शेठ, मोर थोडे जाड करू, म्हणजे बरोबर बसतील."

"मोर जाड नाई करायचा! हा माह्या सासऱ्याच्या दारावरचा मोर आहे. बायको वळखते त्याले!"

गुलाबकाका अशा संधीची वाटच बघत होते. ते नमुना घेऊन पुढे सरसावले. "शेठ, उरलेल्या जागेत एक बोंड बसवू. मोरायच्या मधात कपाशी. कशी दिसन!"

"मोर कपाशीत काय करते, गुलाबभाऊ?"

काकांनी क्षणाचाही विचार केला नाही. "बोंडअळी खाते!"

शेठ दचकून खुर्चीतून उठलेच. "शेतातली अळी जाता जाईना, अन् तुमी सोफ्यावर आणून राहिले? जाड करा बाप्पा मोर. बायकोले मी सांगतो, मोरानं अंग धरलं!"

*

रफिकभाईंचं डोकं थंड. गिऱ्हाईक जितकं तापेल तितके ते सावकाश बोलतात. एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी स्वतःचं नॅपकिनचं मशीन घेतलं होतं, आणि नॅपकिनवर त्यांना कलश हवा होता. रफिकभाई रोलर चढवून, चहा पिऊन अमरावतीला पोचलेही नव्हते, तोच प्रमोदभाऊंना फोन. कलश उलटा! नारळ खाली, बूड वर! लग्नाच्या पंगतीत पालथा कलश म्हणजे अपशकुन, लोक काय म्हणतील, हजारो नॅपकिन निघालेत!

प्रमोदभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. ते स्वतः गाडी काढून निघाले, वाटेतून रफिकभाईंना उचललं. रस्ताभर भाऊ एकच विचारत होते, "रोलर उलटसुलट चढला का रे? डावं टोक उजवीकडं गेलं का?"

"हो सकता है," रफिकभाई म्हणाले.

कार्यालयात पोचले तर मालक हातात नॅपकिन नाचवत दारातच उभे. "हे पाहा! हे पाहा तुमचा कलश!"

रफिकभाईंनी तो नॅपकिन त्यांच्या हातातून अदबीने घेतला, खालची बाजू वर केली आणि परत त्यांच्या हातात दिला.

"आता पाहा, मालक."

*

वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्यांना पेटीत घालायला फोमची मऊ शीट हवी होती, खळग्याखळग्यांची, म्हणजे संत्रं हलत नाही. काकांनी त्यांनाही बोंड दाखवलं. व्यापारी हात जोडून म्हणाले, "काका, मंडीत पेटी उघडली अन् कपाशी दिसली, तं लोक समजतीन का आत सरकी भरली!"

खळग्यांचा रोलर बनला आणि तो चढवायला रफिकभाई गेले. मीही गेले होते, डिझाइन माझं म्हणून. पण शीट निघे ती एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला फिकी. आमच्याकडे रोलरच्या दोन्ही टोकांना कागदाची पट्टी अडकवून ओढतात. दोन्हीकडे सारखी अडली म्हणजे दाब सारखा. रफिकभाईंनी पट्टी ओढली, बोल्ट कसले, परत ओढली. मशीन चालू झालं की पुन्हा एक बाजू फिकीच.

व्यापारी म्हणू लागले, "तुमचा रोलर वाकडा आहे." आमचा रोलर वाकडा म्हणणं म्हणजे आमच्या घरी येऊन भाजीत मीठ नाही म्हणणं! मी भांडायच्या बेतात होते. रफिकभाई शांतपणे खाली बसले आणि त्यांनी टोपलीतलं एक संत्रं सोलायला घेतलं. ते हातातून सुटलं. खाली पडलं, मशीनखालून गडगडत निघालं, शेड ओलांडली आणि थेट भिंतीशी जाऊन मोरीच्या तोंडात बसलं.

शेड आधी संत्री धुण्याची होती. पाणी वाहून जावं म्हणून फरशीला उतार दिलेला, आणि मशीन त्याच उतारावर कलून उभं!

रफिकभाईंनी दुसरं संत्रं घेतलं, पूर्ण सोललं, एक फोड तोंडात टाकली आणि व्यापाऱ्यांना म्हणाले, "भाऊ, रोलर सीधा है. तुमचं घर उतरतं आहे!"

*

आणि मग एक दिवस बोंड गेलं. म्हणजे गिऱ्हाइकाला पसंत पडलं!

अकोल्यात टिश्यूचा नवीन कारखाना सुरू करणाऱ्या एक मॅडम आल्या. तरुण, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी टेबलावरचे सगळे नमुने पाहिले आणि बोट ठेवलं ते नेमकं बोंडावर. "हे मऊ वाटतं. आणि आपल्याकडचं आहे. हेच करा."

काकांना दोनदा सांगावं लागलं. मग ते उठून बाहेर गेले, डोळ्यांत बुरा गेला म्हणाले. येताना अर्धा किलो पेढे घेऊन आले!

त्या रोलरला त्यांनी कोणालाही हात लावू दिला नाही. माझ्या कॉम्प्युटरवर शेजारी बसून एकेक बोंड बसवून घेतलं. फुटलेल्या बोंडाला वाळलेली टोकं असतात, कापूस वेचताना बोटांना लागतात तीच. मी म्हटलं, "काका, टोकं गोल करू का? नाजूक दिसतील."

"टोकाबिगर बोंड कुठचं आलं? काकूले विचार तुह्या. टोकदारच पायजे!"

मशीनचं झाल्यावर त्यांनी प्रत्येक टोकावर हाताने छिन्नी चालवली. नांदगावात तोवर जाहीर झालं होतं की गुलाबरावांचं बोंड आता लग्नालग्नांच्या पंगतीत दिसणार. काकांनी पाहुण्यांना सांगून ठेवलं, "हॉटेलात गेले का आधी नॅपकिन पाह्यजा!"

रोलर चढवायला निघायच्या आदल्या दिवशी प्रमोदभाऊंनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा काळजीच्या खात्याचा.

"वैशाली, नॅपकिन नाई आहे तो."

"मग?"

भाऊंनी दार लोटलं. "टॉयलेट रोल."

मी मटकन खुर्चीत बसले. काकांना सांगायचं कोणी? भाऊ म्हणाले तू सांग, मी म्हटलं तुम्ही मालक. रफिकभाईंना विचारलं तर ते म्हणाले, "मी रोलर चढवतो. बातमी नाई चढवत." शेवटी कोणीच सांगितलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून हजर, सोबत नवं लुगडं नेसलेल्या काकू!

अकोल्यापर्यंत गाडीत काकू एकट्याच बोलत होत्या. आम्ही तिघं खिडकीबाहेर बघत होतो.

कारखान्यात रफिकभाईंनी रोलर चढवला. दोन्ही टोकांना पट्टी ओढून पाहिली आणि बटण दाबलं. कागद सरसर निघाला. पांढऱ्यावर पांढरी बोंडं, ओळीने, देठासकट, एकही अर्धं नाही. मी इतकी वर्षं या कामात आहे, पण इतकं सुंदर काम पाहिलं नव्हतं, अगदी खरं सांगते. काकूंनी डोक्यावरचा पदर सावरला. "अवो, हे तं आपल्या वावरातलंच आहे!"

मग त्यांनी मॅडमना विचारलं, "पोरी, हे कोणत्या लग्नात वापरतीन?"

मॅडमना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्या हसून म्हणाल्या, "लग्नात नाही हो काकू, हा टॉयलेट रोल आहे. मोठमोठ्या हॉटेलांत जाणार."

रफिकभाईंनी मशीन बंद केलं. प्रमोदभाऊ छताकडे बघू लागले. काकू काकांकडे बघत होत्या.

काकांनी पुढे होऊन कागदाची एक लांब पट्टी फाडली. उजेडात धरून पाहिली. बोटांनी चाचपली. मग घडी घातली, स्वतःच्या गालावर घासली आणि थांबले. पुन्हा एकदा घासली.

"रफिक, उतरव रोलर."

"काका, ऐका ना," प्रमोदभाऊ घाईघाईने म्हणाले, "मोठमोठ्या हॉटेलांत जाणार आहे, मॅडम म्हणतात ना..."

"कुठीही जाऊ दे! तू उतरव, रफिक. मले टोकं बोथट करा लागतीन."

"आता काहून?" भाऊंनी विचारलं.

काकांनी गाल चोळला.

"अबे, गालाले टोचून राहिलं, तं तिथी काय होईन लोकायचं!"