लेव्हीची विहीर

ऑरिन टटल अमेरिकेतल्या यादवी युद्धातून जिवंत परतला तो पलटणीतल्या दोस्तामुळे, लेव्हीमुळे. टेनेसीत गोळीनं त्याचा गुडघा फुटला. पलटण मागे हटत होती, तेव्हा लेव्हीनं त्याला चिखलातून ओढून काढलं आणि पाठुंगळीला घेऊन नेलं. पुढे नेब्रास्कात सरकार जमिनी देऊ लागलं, तेव्हा दोघांनी शेजारी-शेजारी तुकडे घेतले. गवतासकट कापलेली मातीची ढेकळं रचून एकच घर बांधलं. ऑरिनची बायको हेस्टर दोघांना रांधून घाली. लेव्हीची बायको लोविना अजून ओहायोत होती.

"लोविना आली की माझी चूल वेगळी," लेव्ही म्हणे. "तुझी मक्याची भाकरी खाऊन दात हलायला लागलेत, वहिनी."

"मग आधी पाण्याचं बघ. ओढ्यावरून बादल्या वाहायला ती काय खेचर आहे?"

म्हणून विहीर खणायला घेतली. ऑरिनचा पाय अधू, म्हणून तो वर रहाटावर आणि लेव्ही खाली. ओली वाळू लागली आणि नेमकं पावसानं काम थांबवलं. उघडीप मिळताच लेव्ही दोराच्या बादलीत पाय ठेवून काठावर बसला.

"मेणबत्ती सोडून बघू आधी," ऑरिन म्हणाला. "खाली विषारी हवा कोंडली असेल. विझली तर उतरायचं नाही."

"लंगड्या, म्हातारा झालास लेका. सोड दोर."

ऑरिननं सोडला.

खालून हाक आली, तीही अर्धीच. ऑरिननं जीव खाऊन रहाट फिरवला. वर आली ती रिकामी बादली. तो उतरायला वाकला, तशी हेस्टरनं त्याच्या कमरेला मिठी घातली.

"तूही मरशील! नाही सोडणार मी!"

जन्मात पहिल्यांदा त्यानं तिच्यावर हात उगारला. तोंडावर मार बसला तरी तिनं सोडलं नाही. शेजाऱ्यांनी गळ टाकून लेव्हीला काढलं, तोवर सगळं संपलं होतं.

लोविना आधीच ओहायोहून निघालेली. स्टेशनावर लंगडणारा माणूस दिसताच लेव्हीच्या पत्रांवरून तिनं ओळखलं.

"ऑरिन भाऊजी ना तुम्ही? आणि स्वारी कुठाय? अजून विहिरीतच का?"

ऑरिननं टोपी काढली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू त्याच्या डोळ्यांदेखत विझलं.

दिवसभर ती थडग्यापाशी बसून राहिली.

"राहा गं इथंच," हेस्टर म्हणाली. "त्याची जमीन आहे."

"जमीन घेऊन काय करू मी, ताई?"

ती परत गेली. ऑरिननं एकट्यानं विहीर बुजवली. लेव्हीचा तुकडा एका स्वीडिश कुटुंबानं घेतला. संध्याकाळी त्यांच्या अंगणातून हसण्याचे आवाज येत. ऑरिन उठून दार लावून घेई.