धाकट्याच्या मूळपेशी

वॉर्डात सगळे डॉक्टरबाईंना पाठीमागे 'अर्ध्याबाई' म्हणत, कारण त्यांचं सारं संशोधन अर्ध्यावरच चाललेलं. रक्ताच्या कर्करोगात बिघडलेली अस्थिमज्जा औषधांनी जाळून टाकायची आणि दुसऱ्याच्या मूळपेशी देऊन नवं रक्त उभं करायचं, हे जुनंच. पण पूर्ण जुळणारा दाता सगळ्यांच्याच नशिबी नसतो. नात्यातल्या निम्म्याच जुळणाऱ्या माणसाच्या पेशी रोग्याला कशा मानवतील, यामागे बाईंनी उमेदीची वर्षं घातली. नवरा म्हणायचा, "अर्धवटांशी तुझं बरं जमतं. म्हणून तर आपला संसार टिकला."

त्या सकाळी मात्र थट्टा सुचण्यासारखं काही नव्हतं. काचेपलीकडच्या खोलीत एक बसड्रायव्हर पडून होता. त्याची मज्जा जाळून झाली होती. आता साधी सर्दीसुद्धा त्याला घेऊन गेली असती. पेशी देणार होता त्याचा धाकटा भाऊ. जुळणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि धाकटा आलाच नव्हता. फोनही उचलत नव्हता.

"येईल हो," नर्स म्हणाली, पण तिचाही आवाज पडलेला होता.

बाईंनी गाडी काढली.

धाकट्याचं टायर-पंक्चरचं दुकान होतं. शटर अर्धं खाली. आत तो टायरांच्या चळतीला टेकून बसलेला, हात कमरेवर, चेहरा पांढराफटक.

"मी येणार नाही," बाईंना पाहताच तो म्हणाला. "हाडं फुटतायत माझी. मलाही तोच रोग लागलाय ना? खरं सांगा."

बाई पालथ्या बादलीवर बसल्या. "रोगबिग काही नाही. तुम्ही इंजेक्शनं घेताय, त्यांनी हाडांतल्या पेशी भराभर वाढून रक्तात उतरतात. त्याचा ठणका आहे हा. इंजेक्शनं थांबली की तोही थांबेल. आधी सांगितलं होतं मी."

"सांगितलं असेल. डोक्यात शिरलं नाही." त्याने मान वर केली. "आणि मी नाहीच आलो तर?"

दात्यावर दडपण आणायचं नाही, हा बाईंचा नेम. जाळणारी औषधं सुरू करण्याआधी त्यांनी याला एकट्याला बसवून विचारलं होतं, मन नसेल तर आत्ताच सांगा, घरच्यांना मी काहीतरी कारण देईन. तेव्हा तो हो म्हणाला होता. आता खोटं बोलवत नव्हतं, आणि खरं बोलणं म्हणजे त्याच्या गळ्याला फास लावण्यासारखंच.

"तर तुमचे भाऊ बहुतेक वाचणार नाहीत," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला ओढून न्यायचा हक्क मला नाही."

"दादाने लावून दिलेली डेपोतली नोकरी सोडली म्हणून त्याने माझं तोंड बघायचं टाकलं. इतकी वर्षं एक शब्द नाही. आता रक्त बरं चालतं माझं!"

बाई बादलीवरून उठल्या नाहीत. कुणीतरी हवा भरायला आलं, दोन हाका मारून निघून गेलं. बाईंच्या डोळ्यांसमोर ती काचेची खोली येत होती. पण त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही.

बऱ्याच वेळाने धाकटा कण्हत उठला. "शटर ओढायला जरा हात लावा," म्हणाला.

दिवसभर तो दोन्ही हातांत सुया टोचून, रक्तातल्या पेशी वेगळ्या काढणाऱ्या मशीनला जोडलेला होता. संध्याकाळी पेशींची मोजणी आली, ती कमी. "उद्या परत बसावं लागेल," बाई चाचरत म्हणाल्या.

"बसू की. आता उखळात डोकं घातलंच आहे, तर मुसळाला काय भ्यायचं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पेशी पुरल्या. गुलाबी पिशवी थोरल्याच्या नळीतून थेंबथेंब उतरली आणि मग खरी जीवघेणी प्रतीक्षा सुरू झाली. ताप चढला, तोंड आतून सोलवटून निघालं, पांढऱ्या पेशींचा आकडा हलेचना. एका सकाळी तो आकडा किंचित वर सरकला. बाईंनी रक्त पुन्हा तपासायला लावलं. पुन्हा तेच उत्तर आलं. धाकट्याच्या पेशी रुजल्या होत्या.

धाकटा काचेबाहेरचा फोन कानाला लावून उभा राहिला. थोरल्याने आतला फोन उचलला.

"दुखतंय का रे अजून?"

"दुखत होतं. तुझ्यामुळेच."

थोरला हसला, मग खोकला, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. फोन मात्र त्याने कानाचा काढला नाही.

पुढे नव्या पेशी शरीराशी भांडू लागल्या, थोरल्याच्या अंगावर पुरळ उठलं, दोनदा परत भरती व्हावं लागलं. पण माणूस जगला. आणि बाई तेव्हापासून इंजेक्शनं चालू असलेल्या प्रत्येक दात्याला रोज सकाळी स्वतः फोन करतात. "ठणका कसा आहे?" इथूनच सुरुवात करतात.